मौतीची वही: सातपुड्यातल्या पाड्यावर मृत्यूंची नोंद हाताने कशी ठेवावी

अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगराकडच्या भागात एका ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतात. पाड्यापासून पंचायतीपर्यंतची वाट पावसाळ्यात नाल्यांनी अडते. माणूस वारला की जाळणं-पुरणं, दिवस घालणं हे सगळं रीतीप्रमाणे होतं. कागद मात्र मागे राहतो. पाच वर्षांनी वारस लावायला तलाठ्याकडे जावं तर मृत्यूचा दाखला नाही. दाखला मागावा तर तारीख कोणालाच धड आठवत नाही. ही अडचण पाड्यावरचाच एखादा लिहिता माणूस साध्या वहीने टाळू शकतो. पण वही नीट ठेवली तरच. घाईत, दोन महिन्यांनी, ऐकीव माहितीवर भरलेली वही नसलेल्या वहीपेक्षा जास्त घोळ घालते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. ही वही म्हणजे दाखला नव्हे. दाखला देण्याचा अधिकार जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार निबंधकाचा आहे, आणि खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, इथेही तेच म्हटलं आहे). वहीची कामं दोन. मुदतीत खरी माहिती ग्रामसेवकापर्यंत पोहोचवणं, आणि नोंद राहून गेली तर पुढे पुरावा म्हणून उभं राहणं. दुसरं काम जमायचं तर प्रत्येक ओळीत दोन गोष्टी हव्यातच: सांगितलं कोणी आणि लिहिलं कधी. बाकीचे रकाने रिकामे राहिले तरी चालतील, हे दोन नाहीत.

वही आणि पेन

शिवलेल्या बांधणीचं, पुठ्ठ्याचं, शंभर पानी रजिस्टर पुरतं. स्पायरल वही घेऊ नये, पान फाडलं तर कळत नाही. डिंकाने चिकटवलेली तर दोन पावसाळ्यांत सुटते. शंभर पानं कमी वाटतील, म्हणून हिशेब सांगतो. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण पाच ते सात मौती होतात. समोरासमोरची दोन पानं मिळून एक तक्ता धरला आणि एका नोंदीला चार ओळी सोडल्या, तर एका तक्त्यात सहा नोंदी बसतात. मागची दहा पानं राखून ठेवली तरी पंचेचाळीस तक्ते म्हणजे २७० नोंदी होतात. म्हणजे ही वही चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालणार आहे. दहा-वीस रुपये वाचवायला पातळ कागद घेऊ नये.

पेन साधं बॉलपेन, निळं किंवा काळं. त्याची शाई तेलकट असते, पाणी लागलं तरी पसरत नाही. जेल पेन आणि शाईचं पेन दिसायला छान, पण गळक्या कौलाखाली एका रात्रीत पान धुऊन निघतं. पेन नसेल तर पेन्सिलीने लिहावं. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही आणि उन्हाने उडत नाही, फक्त खोडता येते. म्हणून नंतर त्याच अक्षरांवरून बॉलपेन फिरवावं.

पहिली ओळ लिहायच्या आधी सगळ्या पानांना क्रमांक घालावेत. पहिल्या पानावर गाव, पाड्यांची नावं, पंचायत, तालुका, वही सुरू केल्याची तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि सही. शक्य असेल तर ग्रामसभेत वही दाखवून अध्यक्षाची सहीही तिथेच घ्यावी. पेसा क्षेत्रात (आदिवासी ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या भागात) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा झालेली असेल तर तिची घ्यावी. या एका सहीने पुढे वहीचं वजन बरंच वाढतं.

रकाने

डाव्या पानावर: अनुक्रमांक (वर्षासह, म्हणजे २०२५/१, २०२५/२), मृत्यूची तारीख-वार-वेळ, नाव, स्त्री की पुरुष, वय आणि वय कशावरून, राहण्याचा पाडा, मृत्यू कुठे झाला. उजव्या पानावर: आजार किंवा अपघात, उपचार कोणाकडे, हातात असलेले कागद, जाळलं की पुरलं आणि कुठे, सांगणाऱ्याचं नाव-नातं, लिहिल्याची तारीख, आणि शेवटी पंचायतीतला नोंदणी क्रमांक. हा शेवटचा रकाना रिकामा दिसला की काम बाकी आहे हे लगेच कळतं. वही उघडली की आधी तोच बघायचा.

चूक झाली तर शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर शब्द, छोटी सही, तारीख. पांढरी शाई आणि खाडाखोड बंद. सरकारी माणूस असो की वकील, खाडाखोड दिसली की त्याचा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

नाव

अख्ख्या पाड्याचं आडनाव पावरा किंवा वसावे, आणि सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी वारांवरची नावं घरोघरी. नुसतं नाव-आडनाव लिहिलं तर दहा वर्षांनी मेला कोण, जिवंत कोण हे उमगत नाही. म्हणून स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं, मग आडनाव, आणि कंसात लोक ज्या नावाने हाक मारत ते. आधार कार्ड असेल तर त्यावरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर वेगळ्या ओळीत उतरवावं, चुकीचं असलं तरी. कार्डावर एक, सातबारावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं नाव असणं नेहमीचंच, आणि वारस लावताना नेमकं तिथेच अडतं. तिन्ही लिहून ठेवावीत.

बाई वारली तर नवऱ्याचं नाव आणि माहेरच्या बापाचं नाव, दोन्ही, शिवाय माहेरचं गाव. जातपडताळणीत किंवा माहेरच्या जमिनीत तेच कामी येतं. नवरा वारला असेल तर त्याचं नाव बायकोला विचारू नये. पुष्कळ जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग भलतंच काहीतरी सुचवलं जातं आणि तेच लिहिलं जातं. मुलाला, दिराला विचारावं.

तारीख

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पहिली चूक रात्रीची. गावात दिवस उजाडल्यावर सुरू होतो, कागदावर रात्री बारा वाजता. "सोमवारी रात्री कोंबडा आरवायच्या आधी गेला" म्हणजे कागदावर मंगळवार. वार सांगितला की "जेवणवेळ होती, मध्यरात्र होती, की पहाट?" हे विचारलंच पाहिजे.

दुसरी चूक सणाची. "दिवाळीत वारला" हे सातपुड्यात काहीच सांगत नाही, कारण इथे प्रत्येक गावाची दिवाळी वेगळ्या दिवशी असते, पुढे महिना-दोन महिने चालूच राहते. कोणत्या गावाची दिवाळी, आणि त्या वर्षी ती कधी झाली, हे विचारावं. त्यापेक्षा पक्क्या खुणा म्हणजे काठी गावची होळी, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, महाशिवरात्रीची तोरणमाळची जत्रा, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा. "काठीच्या होळीनंतर दोन बाजार झाले होते" असं उत्तर मिळालं की दिनदर्शिका काढून तारीख लावता येते.

तिसरी चूक डोंगरापलीकडची. मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडच्या सोयऱ्यांनी तिथी सांगितली आणि ती कृष्ण पक्षातली असली, तर महिना एकाने पुढचा असतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, त्यांची फाल्गुनातली. दिवस तोच. शुक्ल पक्षात हा फरक पडत नाही.

सण आठवत नसेल तर कामावरून विचारावं. मोहाची फुलं वेचत होतो का, तेंदूपत्ता सुरू होता का, आमचुरासाठी आंबे कापून वाळत घातले होते का, ऊसतोडीला निघायच्या आधी की परतल्यावर. यातून महिना मिळतो. नक्की तारीख मिळाली नाही तर "अंदाजे, एप्रिल २०१९ चा दुसरा आठवडा, मोहाच्या हंगामावरून" असंच लिहावं. ओढून-ताणून १५ तारीख घालू नये. कागदांत १५ आणि १ या तारखांची गर्दी दिसली की लिहिणाऱ्याने अंदाज मारला हे जाणकाराला लगेच कळतं.

वय

म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख बहुधा १ जानेवारीच असते. ती उतरवावी, पण त्यापुढे सांगण्यावरून निघालेलं वयही लिहावं. त्यासाठी वहीच्या मागच्या पानांवर वर्षांची यादी करून ठेवावी: १९७२ चा दुष्काळ, ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर, नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, मार्च २०२० चं लॉकडाऊन. नर्मदाकाठच्या गावांनी आपलं गाव धरणात बुडालं किंवा उठलं ते वर्ष यात घालावं, त्याहून पक्की खूण तिथे नाही. मग प्रश्न सोपा होतो: "बहात्तरच्या दुष्काळात तिचं लग्न झालेलं होतं का? कडेवर मूल होतं का?" मूल होतं म्हणजे जन्म १९५५ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा.

तान्ही मुलं

वहीत सर्वांत जास्त गळतात ती ही. नाव ठेवलेलं नसतं, दिवस घातलेले नसतात, घरचे "मूल राहिलं नाही" एवढंच म्हणतात. नियम असा: जन्मल्यावर मूल रडलं, एक श्वास घेतला, हात-पाय हलवले, नाळ उडत होती, यातलं काहीही झालं असेल तर ते जिवंत जन्मलं. त्याच्या जन्माची नोंद नमुना १ मध्ये आणि मृत्यूची नमुना २ मध्ये, दोन्ही. यातलं काहीच झालं नसेल तर तो मृत जन्म, त्याला नमुना ३. घरी बाळंतपण झालं असेल तर सुईणीला किंवा आशाताईला हे सरळ विचारावं. बाईमाणसाने विचारलं तर उत्तर खरं मिळतं. लिहिताना वय तासांत किंवा दिवसांत: "६ तास", "९ दिवस". पहिले २८ दिवस आणि पहिलं वर्ष हे आरोग्य खात्याचे टप्पे आहेत, "१ महिना" असं मोघम लिहिलं तर मूल कोणत्या टप्प्यात मोजायचं ते ठरत नाही.

पंधरा ते पन्नास वयाची बाई वारली की आणखी एक प्रश्न अटळ: पोटुशी होती का, की बाळंत होऊन, गर्भ पडून ४२ दिवस व्हायचे होते? तसं असेल तर तो मातामृत्यू असू शकतो. लगेच आशाताईला आणि उपकेंद्राला कळवावं.

कारण

लिहिणारा डॉक्टर नाही, म्हणून आजाराचं नाव स्वतः ठरवू नये. तीन तुकडे वेगवेगळे लिहावेत. घरच्यांनी काय पाहिलं: "आठ दिवस ताप, शेवटचे दोन दिवस धाप, लघवी काळी". उपचार कुठे: बडवा (पाड्यावरचा भगत), खाजगी डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कोणत्या दिवशी. आणि कागदावर काय आहे ते जसंच्या तसं. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४ वर वैद्यकीय कारण असतं, दवाखान्याबाहेर पण डॉक्टरच्या उपचाराखाली असताना झाला तर ४-अ वर. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड असेल तर त्यावर काय छापलं आहे ते लिहावं. भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आजार आहे, आणि "अंग दुखून-दुखून गेलं" एवढ्याने तो ओळखता येत नाही.

एक गोष्ट वहीत कधीही येऊ द्यायची नाही: कोणी "खाल्लं", कोणी करणी केली. घरचे रडता रडता नाव घेतात. ते नाव कागदावर गेलं की एखाद्या म्हातारीचा जीव धोक्यात येतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करणं हा गुन्हा आहे, आणि लिहिणाराही त्यात ओढला जाऊ शकतो. लक्षणं लिहायची, संशय नाही.

साप चावणं, वीज, बुडणं, झाडावरून पडणं, विष, फास, मारहाण: यात आधी पोलीस पाटलाला कळवायचं, वही नंतर. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, तो क्रमांक आणि शवविच्छेदन झाल्याची तारीख वहीत घ्यावी. साप चावलेल्याला परस्पर पुरून टाकलं की पुढे कागदच उरत नाही. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचे २ लाख रुपये सर्पदंशातही मिळतात, पण पोलिसांचे आणि शवविच्छेदनाचे कागद लागतात, आणि अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. शवविच्छेदनाला घरचे नको म्हणतात तेव्हा हे तिथेच सांगितलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही.

ग्रामसेवकाकडे जाताना

मुदत २१ दिवस. त्या आत कळवलं तर शुल्क नाही, आणि माहिती देणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रतही फुकट. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वयंसाक्षांकित कागद लागतात. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. ही पद्धत १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, त्याआधी कोर्टात जावं लागे. २०२५ पासून राज्यात वर्षानंतरच्या नोंदींची छाननी बरीच कडक झाली आहे, नुसत्या सांगण्यावर आदेश मिळत नाही. अशा वेळी पंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र (नमुना १०) घ्यायचं आणि त्याला वहीच्या त्या पानाची प्रत जोडायची. त्याच महिन्यात लिहिलेली ओळ असेल तर तिला किंमत आहे. अर्जाच्या आदल्या दिवशी घुसडलेली ओळ अक्षरावरून, शाईवरून, अनुक्रमांकावरून उघडी पडते.

दशक्रियेच्या किंवा गंधमुक्तीच्या दिवशी घरातला कर्ता, भाऊबंद, माहेरचे सगळे एकत्र असतात. तोच दिवस धरावा. नमुना २ तिथेच भरून सही-अंगठा घ्यावा आणि येत्या बाजारच्या दिवशी पंचायतीत पोहोचवावा. म्हणजे २१ दिवसांच्या आत काम होतं.

नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते, राहण्याच्या गावी नाही. नंदुरबारच्या रुग्णालयात वारला तर तिथे. बारडोलीकडे ऊसतोडीत वारला तर गुजरातेतल्या त्या पंचायतीत किंवा नगरपालिकेत. प्रेत घेऊन रात्रीत परत यायची घाई असते, आणि कागद तिकडेच राहतो. ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक टोळीच्या मुकादमाला एवढं सांगून ठेवावं: गाव, तालुका, साखर कारखाना, शेतमालक, तारीख, आणि जमल्यास तिकडची पावती. धावत्या गाडीत प्राण गेला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे नोंद. झोळीतून नेताना वाटेत गेला तर त्या जागेची हद्द ज्या पंचायतीची, तिथे. म्हणून "दवाखान्यात नेताना" असं न लिहिता "अमुक नाल्याजवळ, अमुक पाड्याच्या हद्दीत" असं लिहावं.

ग्रामसेवकाने नोंद नाकारली तर कारण लेखी मागावं. ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं.

दाखला हातात आला की क्रमांक वहीत चढवून घरच्यांना पुढची कामं सांगावीत. तलाठ्याकडे वारस नोंद तीन महिन्यांत. बँकेच्या पासबुकात प्रधानमंत्री विमा योजनांचे २० किंवा ४३६ रुपये कापल्याची ओळ दिसली तर विम्याचा दावा: २० रुपयांचा फक्त अपघाताचा, ४३६ चा कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूचा, दोन्हींची रक्कम २ लाख. दारिद्र्यरेषेखालचा, १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २० हजार, त्यासाठी तहसील.

जुन्या मौती

वही सुरू केली की म्हातारे मागचंही लिही म्हणतात. लिहावं, पण वेगळ्या वहीत. आजच्या नोंदी आणि आठवणीतल्या नोंदी एकत्र झाल्या की दोन्हींवरचा विश्वास जातो. प्रत्येक जुन्या मौतीला एकमेकांपासून वेगळे विचारलेले दोन सांगणारे घ्यावेत. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत. महसुलाकडे कोतवालाने ठेवलेलं जन्म-मृत्यूचं बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतं. फार जुनी पानं मोडीत असतात. नंदुरबारच्या गावांसाठी १९९८ आधीचे जिल्हा पातळीवरचे कागद धुळ्यातही शोधावेत. पुरण्याची जागा आणि वंशावळ यांची नोंद वनहक्क दाव्यात पुरावा म्हणून जोडता येते, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही. म्हणून जुन्या वहीत "कुठे पुरलं" हा रकाना आजच्या वहीपेक्षाही महत्त्वाचा.

वर्षातून एकदा ताळा

होळीला ऊसतोडीवाले परत आलेले असतात, तेव्हा ताळा घ्यावा. आशाताईची यादी, अंगणवाडीची यादी, पंचायतीचं रजिस्टर आणि आपली वही समोरासमोर ठेवून नावं जुळवावीत. हजार वस्तीत वर्षाला दोन-तीनच नोंदी दिसत असतील तर कोणी कमी मेलं असं नसतं, नोंदी गळलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. बहुतेक वेळा ती तान्ही मुलं, बाहेरगावी गेलेले आणि मुलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया असतात. राहिलेली नोंद पुढच्या रिकाम्या ओळीत, आजची तारीख घालून, "उशिरा कळलं" असं स्पष्ट लिहून. मागच्या ओळींच्या मध्ये कोंबायची नाही.

ठेवायची कशी

पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून हातभर वर, भिंतीला न टेकवता. सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली की आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी धरते. वाळलेला कडुनिंबाचा पाला पेटीत टाकावा, ओला कधीच नाही. चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवली तर वाळवी लागत नाही हे खरं, पण धुराने कागद पिवळा आणि कडक होतो, घडीवर तुटतो. पावसाळा संपला की सावलीत उघडून पानं वारा लागेल अशी दिवसभर ठेवावी. पानांवर लॅमिनेशन करू नये, मूळ कागद कायमचा अडकतो.

दर महिन्याच्या शेवटी भरलेल्या पानाचा फोटो, आणि वर्षातून एकदा हाताने किंवा झेरॉक्सने दुसरी प्रत, ती दुसऱ्या पाड्यावरच्या घरात. कुडाची घरं पेटली की एकाच घरातल्या दोन प्रती एकदमच जातात. फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत. वहीत फास घेतलेल्यांची, रोगांची माहिती आहे, ती चावडीवर वाचायची नाही. ज्याचं माणूस त्यालाच त्याची ओळ दाखवायची, बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेवून.

लिहिणारा बदलला तर शेवटच्या नोंदीखाली दोन बोटं जागा सोडून आडवी रेघ मारावी: "२०३१/४ पर्यंत माझ्या हातचं", तारीख, जुन्याची सही, नव्याची सही, आणि तिथे हजर असलेल्या एकाची. जुना आधीच गेला असेल तर त्याच्या सहीची जागा कोरी ठेवावी, त्याच्या वतीने कोणी करू नये.